बिब्ब्याचं चाटण

सबनीसच्या तोंडावर बिब्ब्याचं तेल मीच फेकलं. त्यात लपवायचं काय आहे? माझ्या वकीलबाई कपाळाला हात लावतात. म्हणतात, "प्रणिता, झटापटीत बाटली सांडली असं म्हणायचं." नाही सांडली. झाकण काढलं, नेम धरला आणि फेकली. त्याचा डावा डोळा गेला. उजवा वाचला, कारण त्यानं मान वळवली. दोन्ही गेले असते तरी मला झोप लागली असती.

झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. एकवीस वर्षांपूर्वी मी एक वाटी गटारात फेकली होती. ते कुठल्या कलमात बसत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. तुरुंगात वेळच वेळ आहे.

आमचं गाव बोरखेडी. वाशीमकडचं, डोंगराला टेकलेलं. डोंगरावर बिब्ब्याची झाडं आणि खाली आमची बिब्बेगल्ली. बिब्बा म्हणजे आंब्याच्या आणि काजूच्या कुळातलं झाड. फळ मोठं मजेशीर. वरचा भाग नारिंगी आणि गोड, तो पोरं वाळवून खातात. त्याच्या टोकाला काळं, चपटं बी. तो बिब्बा. बीच्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यांत काळं तेल. अगदी आत पांढरी गोडंबी, जी तुम्ही बाळंतिणीच्या लाडवांत घालता. ती बाहेर काढायला गल्लीतल्या बाया दिवसभर दगडावर बी उभं धरून हातोडी मारतात. घाव बरोबर बसला तर गोडंबी सुटते, चुकला तर तेल उडतं. कपड्यावर पडलं तर जन्मात जात नाही. पूर्वी परीट लोक कपड्यांवर खूण करायला हेच तेल वापरायचे. आणि अंगावर पडलं तर उततं. कातडी सुजते, फोड येतात, माणूस आठवडाभर तडफडतो. आमच्याकडे याला 'बिब्बा उतला' म्हणतात.

पण गल्लीतल्या बायांना उतत नसे. हात काळे व्हायचे, नखं कुजल्यासारखी व्हायची, पण फोड नाही. राखेत हात घासायचे, पुढचा बिब्बा घ्यायचा.

याचं कारण होतं पारबताबाई. गल्लीची सुईण. लेकराला दात यायला लागले की तिला बोलवायचे. ती तुपात बिब्ब्याचं तेल खलायची आणि करंगळीच्या नखावर घेऊन लेकराला चाटवायची. चाळीस दिवस, रोज सकाळी. मला चाटवलं होतं, माझ्या आईला चाटवलं होतं, आईच्या आईलाही.

मी तेरा वर्षांची असताना माझी बहीण दीपमाला झाली. तिला दात यायला लागले आणि पारबताबाई वाटी घेऊन आमच्या ओट्यावर बसली. मी नुकतीच शाळेच्या वाचनालयातून विषारी वनस्पतींचं पुस्तक आणून वाचलं होतं. पान छत्तीसवर बिब्बा. मी ओट्यावर जाऊन वाटी हिसकावली.

"विष हाये हे! लेकराले विष देता?"

"पोरी, वाटी दे इकडं," पारबताबाई म्हणाली. "तुले मीच देल्लं व्हतं."

मी वाटी गटारात फेकली. आई धावत आली आणि माझ्या थोबाडीत मारली. मग मी पुस्तक उघडून तिच्या नाकासमोर धरलं. आईला वाचता येत नव्हतं, पण पुस्तकापुढं ती गप्प झाली. आमची आई, गोकर्णा धोंगडे, आयुष्यात फक्त पुस्तकापुढंच गप्प झाली.

तेवढ्यावर थांबले असते तर एकटी दीपाच चाटणावाचून राहिली असती. पण नाही! सव्वीस जानेवारीला शाळेत मी भाषण ठोकलं, 'लेकरांना विष देऊ नका.' गुरुजींनी पाठ थोपटली, कंपासपेटी बक्षीस दिली. गल्ली म्हणाली, गोकर्णाची पोरगी शिकलेली आहे, तिला कळतं. त्या वर्षापासून गल्लीत एकाही लेकराला चाटण दिलं गेलं नाही. पारबताबाई मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पुढं मी पुण्यात रसायनशास्त्र शिकले आणि एका कंपनीत लागले. तिथं मी जे बनवलं त्याचं नाव 'खूण'. कल्पना माझीच, परटाकडून घेतलेली. बिब्ब्याचं तेल शंभरपट पातळ केलं आणि धुक्यासारखं फवारलं. जिथं थेंब बसतो तिथं कातडी सहा तासांनी थोडी उठते, खाजते आणि काळा ठिपका पडतो. ठिपके सहा महिने जात नाहीत. दंगल झाली, फवारा मारा. लाठी नको, गोळी नको, रक्त नको. ज्याच्या अंगावर ठिपके तो दंगलीत होता. फाटकांवरचे कॅमेरे ठिपके ओळखतात आणि फाटक उघडत नाहीत. बसस्टँड, बँक, कॉलेज, दवाखाना. सुरुवातीला लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

कंपनीनं कारखाना बोरखेडीतच काढला. झाड तिथलं आणि मीही तिथली. प्रयोगशाळेची प्रमुख मी झाले. कंपनीनं डोंगराला कुंपण घातलं, टरफलं फोडायला यंत्र आणलं, आणि गल्लीतल्या बायांची हातोडी बंद झाली. आई म्हणाली, "तू आमाले विष म्हनून वाटी फेकली व्हती. आता तेच विष तू डब्यात भरतेस व्हय?" मी हसण्यावारी नेलं.

त्याच काळात मला पारबताबाई बरोबर होती हे कळलं. कामासाठी गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांचं रक्त तपासत होते. माणसाच्या अंगात पहारेकरी पेशी असतात. बिब्ब्याचं तेल स्वतः फार थोडं भाजतं, खरी नासधूस हे पहारेकरी करतात. तेल लागलेली कातडी त्यांना परकी वाटते आणि ते तिच्यावर तुटून पडतात. पण शरीराचा एक जुना नियम आहे. लहानपणी जी वस्तू तोंडातून येते तिला ते अन्न समजतं आणि पहारेकऱ्यांना सांगतं, ही आपली. आणि जी वस्तू तोंडातून कधीच आली नाही, फक्त कातडीतून येत राहिली, ती शत्रू. जितकी वर्षं येत राहील तितके पहारेकरी वाढत जातात आणि वाट बघत बसतात.

हे कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन दीपाकडे बघितलं. एकवीस वर्षांची झाली होती. जन्मापासून बिब्ब्याच्या धुरात वाढलेली, टरफलं जाळून केलेल्या चुलीपुढं बसलेली. आणि तोंडात एक थेंब नाही. दीपाच काय, गल्लीतली माझ्या भाषणानंतर जन्मलेली सगळी पोरं तशीच.

आमच्या चाचण्या पुण्यातल्या माणसांवर झाल्या होत्या, त्यांनी बिब्बा पाहिलाही नव्हता. त्यांना फक्त खाज आली. गल्लीतल्या म्हाताऱ्यांवर झाल्या, त्यांना काहीच झालं नाही. या तिसऱ्या जातीच्या माणसांवर चाचणी झालीच नव्हती. मग एक दिवस प्रयोगशाळेत फरशी पुसणाऱ्या सोनलच्या मनगटावर पातळ तेलाचा एक थेंब पडला. सोनल गल्लीतलीच, एकोणीस वर्षांची. संध्याकाळपर्यंत तिचा हात खांद्यापर्यंत सुजला आणि श्वास घरघरायला लागला. आमच्याकडे कंपनीच्या माणसांसाठी एक इंजेक्शन होतं, पहारेकऱ्यांना झोपवणारं. ते दिलं म्हणून ती वाचली.

मी सबनीसला लिहून दिलं. विराज सबनीस, कारखान्याचा मुख्य. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "एकच केस आहे मॅडम. पुढच्या तिमाहीत बघू." मी बरं म्हणाले. हे 'बरं' मी का म्हणाले? कारण माझं पद मोठं होतं, केबिनला काच होती, आणि आवाज चढवणं मला शोभत नाही असं मला वाटायला लागलं होतं.

दीपाला मी सगळं सांगितलं. ती तेव्हा बाळाला पाजत होती. मनवा पाच महिन्यांची. दीपाचा नवरा नाशिककडे ट्रक चालवायचा, म्हणून ती आईजवळच राहायची.

"सोमवारी बाया कारखान्याच्या फाटकावर चालल्या आहेत म्हणे," मी म्हणाले. "तू जाऊ नकोस."

"मीच नेऊन रायली त्याहिले," ती म्हणाली. "डोंगर आमचा हाये. कुंपण काढा म्हनाले चाललो, दगड माराले नाई."

"फवारा मारतील, दीपा."

"मारतील म्हंजे कोन? तूच न? मंग तू नको मारू." आणि मनवाला दुसऱ्या बाजूला घेत म्हणाली, "ताई, तू कोनाकडची हायेस ते एक डाव ठरवून टाक."

मला राग आला. तिच्यासारखाच माझाही स्वभाव, दोघी आईवर गेलेल्या. मी चप्पल घातली आणि निघून गेले. सोमवारपर्यंत फोन केला नाही.

सोमवारी सकाळी दहाला फाटकासमोर पाच-सहाशे माणसं होती. पुढं गल्लीतल्या बाया, मागं गल्लीची सगळी तरुण पोरं. शाळकरी मुलीसुद्धा आल्या होत्या, गणवेशात. दीपानं मनवाला शेजारणीकडे ठेवलं होतं आणि ती आईच्या बाजूला उभी होती. मी पडद्यावर बघितलं आणि सबनीसच्या खोलीत पळाले.

"फवारू नका. बाविशीच्या आतली पोरं मरतील."

"मॅडम, हा तुमचाच रिपोर्ट." त्यानं कागद समोर सरकवला. "जीवितास धोका नाही. खाली सही कुणाची?"

सही माझी होती. मी त्याच्या हातातला रिमोट ओढायला गेले तेव्हा एका गार्डनं मला मागून धरलं. कुंपणाच्या नळ्या फुसफुसल्या आणि पांढरं धुकं पटांगणावर उतरलं.

काहीच झालं नाही! हेच तर त्या फवाऱ्याचं घाणेरडेपण. लोक दचकले, खोकले, मग हसायला लागले. बायांनी पदरानं तोंडं पुसली. दीपानं कॅमेऱ्याकडं बघून जीभ काढून दाखवली. ती मलाच दाखवत होती, तिला माहीत होतं मी बघतेय.

"बघा, हसतायत," सबनीस म्हणाला.

सहा तास, मी मनात म्हणाले. चार वाजेपर्यंत. सोनलच्या हाताला तर तीनच लागले होते.

औषधाच्या कपाटात इंजेक्शनच्या साठ बाटल्या होत्या. कपाट सबनीसच्या बोटाच्या ठशानं उघडायचं. मी त्या मागितल्या. तो म्हणाला, साठा कंपनीच्या माणसांसाठी आहे, पुण्याची परवानगी आणा. मग मी काय केलं? मी शिकलेली बाई ना, मी अर्ज केला! अकराला ईमेल, साडेअकराला फोन, बाराला दुसरा फोन. तिकडून सांगत होते, साहेब मीटिंगमध्ये आहेत. खाली सव्वादोनशे पोरं पहारेकरी अंगात घेऊन बसली होती आणि मी फोनवर संगीत ऐकत होते. त्या दोन तासांबद्दल मला फाशी द्या, मी नाही म्हणणार नाही.

दीडला पहिली मुलगी पडली. चेहरा ओळखू येऊ नये इतका सुजलेला. मग दुसरी, मग एकदम दहाबारा. मानेवर, ओठांवर काळे ठिपके उमटत होते आणि त्यांच्याभोवती कातडी फुगून फाटत होती. गावातल्या जीपांनी काहींना जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. दवाखान्याच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यानं ठिपके ओळखले आणि फाटक उघडलं नाही. माणसांनी फाटकाला जीप धडकवली, तरी नाही. तीन पोरं फाटकाबाहेरच गेली. कॅमेऱ्याला ती ओळख मीच शिकवली होती.

मी प्रयोगशाळेत गेले. अस्सल, न पातळ केलेल्या तेलाची पाच लिटरची बरणी उचलली आणि दोन्ही हातांवर, खांद्यांवर, गळ्यावर ओतून घेतली. सगळी साडी काळी झाली. मला काही होणार नव्हतं, मी पारबताबाईच्या हातची होते. बाकी कारखान्यात एकाचीही मला हात लावायची छाती नव्हती. उरलेलं एका बाटलीत घेतलं आणि निघाले.

जिन्यात दोन गार्ड होते. एक मागं सरला. दुसऱ्यानं लांबूनच दांडा मारला, माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली, आवाज ऐकू आला. मी त्याला मिठी मारली. नुसती मिठी. तो किंचाळत जिन्यावरून खाली गेला.

सबनीस खुर्चीतून उठला. "मॅडम, शांत व्हा. आपण बोलू."

"कपाट उघडा."

"बाहेर माणसं आहेत माझी. तुम्हाला जन्मठेप होईल."

"तुमाले बिब्बा कोनी चाटवला नाई न?" मी विचारलं. बारा वर्षांत मी ऑफिसात पहिल्यांदा आमच्या बोलीत बोलले. आणि बाटली फेकली.

त्याची किंकाळी खाली पटांगणात ऐकू गेली म्हणतात. तो तोंड धरून लोळायला लागला. मी त्याच्या कॉलरला धरून कपाटापर्यंत ओढत नेला. अंगठा तेलानं माखला होता, ठसा लागेना. मी त्याच्याच पँटला तो घासला, पुन्हा लावला. तो लाथा मारत होता. मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवला आणि तिसऱ्यांदा लावला. कपाट उघडलं. मला दया आली नाही, आजही येत नाही.

पटांगणात पोचले तेव्हा आईनं आणि बायांनी आजारी पोरांच्या रांगा लावल्या होत्या. दगडावर हातोड्या आपटाव्यात तशा त्या छाती बडवत होत्या, पण रांगा सरळ होत्या. गावाची आशाताई सुया घेऊन तयार होती. मी बाटल्यांची पेटी खाली ठेवली. आशाताईनं हात पुढं केला, मी ओरडले, "मले हात नको लावू! पेटी राखेनं पूस!"

"किती हायेत?" आईनं विचारलं.

"साठ."

आईनं रांगांकडे बघितलं. दोनशे अकरा. "लहान आधी," ती म्हणाली. "सगळ्यात लहान आधी. मंग वरती." कुणी भांडलं नाही. ज्या बायांची पोरं विशीच्या पुढची होती त्यांनी तिथंच पदर तोंडात कोंबला. आईचीही एक होती.

साठ कुठल्या कुठं संपल्या. खरं सांगायचं तर एकोणसाठ. एक मी पेटी ठेवतानाच मुठीत घेतली होती.

दीपा चिंचेखाली पडली होती. डोळे सुजून बंद. गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी जवळ बसले तर माझ्या वासानं ओळखलं.

"ताई. हात दे न."

माझे दोन्ही हात अस्सल तेलानं काळे होते. बोट जरी लावलं असतं तरी तिची कातडी पेटली असती. मी तिला हात देऊ शकले नाही. "दीपा, थांब," मी म्हणाले, "तुझ्यासाठी आणलंय, थांब," आणि आशाताईला हाक मारायला वळले. मागं आई उभी होती.

"पनू, मूठ खोल."

"ही दीपाची हाये."

"ती रुचिता पाह्य. चौदा वर्षांची हाये. तिची माय तिच्या उशाशी बसली हाये. रांग ठरली तवा तू तठीच व्हती."

"आई, तुझ्या पोटची आहे ही!"

"मले सांगू नको कोन कोनाच्या पोटची हाये ते!" आई ओरडली. तिनं माझी मूठ धरली. तिला तेलाचं भय नव्हतं. मी तिला ढकललं, ती आडवी पडली, उठली आणि पुन्हा मूठ धरली. मी तिच्या दंडाला चावले. माझी दोन बोटं मोडलेली होती, आईनं नेमकी तीच उलटी वळवली. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मूठ सुटली. आईनं बाटली राखेत घोळवली, पदरानं पुसली आणि आशाताईकडं दिली.

रुचिता वाचली. दीपा पावणेचारला गेली. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं नाही, कारण माझ्याशी झोंबताना तिचे हातही तेलानं माखले होते. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना हात मागं घेऊन बसलो होतो. एकशे एक्कावन्न पोरांना औषध मिळालं नाही. त्यातली बरीच आपोआप तगली. एकोणीस गेली.

मला पोलिसांनी प्लास्टिकच्या चादरीत गुंडाळून नेलं.

आई तीन महिने भेटायला आली नाही. परवा आली. कडेवर मनवा. जाळीपलीकडे बसली. तिच्या दंडावर माझ्या दातांचा व्रण होता.

"मी तुले माफ नाई केलं," आई म्हणाली. "वाटीसाठी."

"मीबी तुले नाई केलं. मुठीसाठी."

"बरं. मंग कामाचं बोलू." तिनं मनवाचा खालचा ओठ बोटानं दाबून दाखवला. हिरडीत पांढरी रेघ दिसत होती. "दात येऊन रायले. चाटण देऊ काय?"

आईला इथं यायला का लागलं ते मला कळलं होतं. चौकशी चालू आहे, पण फवारा बंद नाही. कंपनी म्हणते बोरखेडीची गोष्ट अपवादात्मक होती. तीन जिल्ह्यांत नळ्या अजून फुसफुसतात. मनवा मोठी होईल तेव्हा कुठल्या तरी फाटकापुढं उभी राहीलच, दीपाचीच पोरगी आहे.

पण मनवा आठ महिने त्याच घरात, त्याच धुरात राहिली आहे. तिच्या अंगात पहारेकरी आधीच जमले असतील तर तुपाचं तेच बोट तिचा गळा बंद करील. जमले असतील की नाही, हे सांगणारी तपासणी माझ्या प्रयोगशाळेत होती. प्रयोगशाळेला आता सील आहे. औषधाची एक बाटली शिल्लक नाही.

"तू शिकलेली हायेस," आई म्हणाली. "तू सांग. तवा म्या तुयं आयकलं. आताबी आयकते."

"अंदाजानं सांगतेय, आई. पुस्तकात नाहीये हे."

"पुस्तकाले घाल चुलीत. तुले काय वाटते?"

"माप आठवतं का तुला पारबताबाईचं?"

"करंगळीच्या नखावर, अर्ध नख. तुपात तेल किती, ते नाई ठाव. ती कोनाले सांगे नाई. पारबताबाई गेली, गल्लीत आता कोनालेच ठाव नाई."

मला ठाऊक होतं. त्या सकाळी ती वाटी माझ्या हातात होती. गटारात पडण्याआधी मी तिच्यात नीट बघितलं होतं, कारण मला सगळ्यांना दाखवायचं होतं की हे बघा विष. तूप बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं होतं, काठाला जरा गडद. बारा वर्षं तेलाचे रंग बघून प्रमाण सांगायचं काम केलंय मी. डोळे मिटले की तो रंग दिसतो, रोजच दिसतो.

"दोन चमचे तूप," मी म्हणाले. "शिवणाच्या सुईचं टोक तेलात बुडवून त्यात एकदा फिरवायचं. एकदाच. पहिल्या दिवशी अर्ध नख नको, पाव. ओठाला, गालाला लागू द्यायचं नाही, सरळ जिभेवर. सकाळी दे, म्हणजे दिवसभर तिच्यावर नजर राहील. आशाताईला शेजारी बसव. ओठ फुगला तर."

"तर काय?"

"तर माझ्याकडे काही नाही, आई."

आईनं मान हलवली. मनवानं जाळीतून बोट घातलं. माझ्या हातांची ती कातडी कधीच गळून नवी आली होती, तरी मी डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारून आले होते. मी माझं बोट पुढं केलं. तिनं ते धरलं आणि तोंडात घालायला ओढलं, पण जाळी आडवी आली.

काल सकाळी आईनं पहिलं बोट दिलं असणार. काल मी जेवले नाही. दर वेळी दाराशी पावलं वाजली की मला वाटायचं, आता सांगतील. संध्याकाळी कुणी आलं नाही. पहाटे डोळा लागला तर दीपा चिंचेखाली हात पुढं करून पडलेली दिसली, म्हणून उठून बसले.

आज दुपारी जेलरबाई आल्या. हातात चिठ्ठी होती, त्यांनी ती तशीच वाचून दाखवली. "गावावरून फोन होता. आई म्हणते, काल दिलं, आज दिलं. पोरीनं बोट सोडलंच नाही, अजून पाहिजे म्हणून रडत होती." त्यांना काही अर्थ लागला नाही. विचारलं, "चांगलं की वाईट?"

भिंतीशी बसले आणि मोठ्यानं रडले, दीपा गेल्यावर रडले नव्हते ते सगळं. मग उठून विटेच्या तुकड्यानं भिंतीवर दोन रेघा ओढल्या. अजून अडतीस ओढायच्या आहेत.